तेप्लारेन: किल्ल्याखालचा एक बार आणि वरची संसद

स्लोव्हाक भाषेत ‘तेप्ली’ म्हणजे ऊबदार. समलिंगी पुरुषाला हिणवायचं असेल तर बोलीभाषेत हाच शब्द वापरतात. आणि ‘तेप्लारेन’ म्हणजे शहरभर गरम पाणी आणि ऊब पुरवणारं केंद्र, तिथल्या हिवाळ्यात घराघरातले रेडिएटर ज्याच्या जिवावर चालतात ते. ब्रातिस्लावात झामोत्स्का रस्त्यावरच्या एका लहानशा गे बारला हे नाव मिळालं, तेव्हा शिवीचीच पाटी रंगवून दारावर टांगल्यासारखं झालं. ज्याला कळायचं त्याला कळत होतं, बाकीच्यांना सरकारी पाणीपुरवठा वाटत होता.

झामोत्स्का म्हणजे ‘किल्ल्याचा रस्ता’. तो जुन्या गावातून ब्रातिस्लावाच्या किल्ल्याकडे चढत जातो. किल्ल्याला लागूनच स्लोव्हाकियाची संसद आहे. उलट दिशेला उतरलं की ग्रासालकोविच राजवाडा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय, तोही चालण्याच्या अंतरावर. जेमतेम पावणेपाच लाख वस्तीची ही राजधानी. त्यामुळे या प्रकरणातली बहुतेक सगळी ठिकाणं एका संध्याकाळी पायी फिरून होतात. हे सुरुवातीलाच सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात अंतराचा मुद्दा सारखा येतो. बार आणि संसद यांच्यामध्ये एवढीशी चढण आणि तरीही एवढं अंतर.

आधी घटना. 12 ऑक्टोबर 2022, बुधवारची संध्याकाळ. बारच्या दारासमोर काही जण बसले होते. तिथे नेहमी कुणीतरी बसलेलं असायचंच, कारण जागा लहान होती आणि गप्पा आत मावत नसत. 19 वर्षांच्या एका मुलाने जवळून गोळ्या झाडल्या. दोघं जागीच गेले, एक स्त्री जखमी झाली. मारेकरी पळाला, रात्रभर समाजमाध्यमांवर लिहीत राहिला आणि सकाळी शहरातच त्याचा मृतदेह सापडला. स्वतःवरच गोळी झाडलेली. पिस्तूल वडिलांचं, परवान्याचं. वडील 2020 च्या निवडणुकीत एका कडव्या राष्ट्रवादी पक्षाचे उमेदवार होते.

हल्ल्याच्या काही तास आधी त्याने इंग्रजीत लिहिलेला 65 पानांचा मजकूर इंटरनेटवर टाकला होता. ज्यूद्वेष, वंशद्वेष, समलिंगींचा द्वेष, आधीच्या गोऱ्या वर्चस्ववादी हल्लेखोरांचं कौतुक, असा तो नेहमीचा गाळ. त्यातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची. त्याच्या यादीत पहिलं नाव बारचं नव्हतं. तत्कालीन पंतप्रधान एदुआर्द हेगर यांच्या घराजवळ तो त्याच संध्याकाळी जाऊन थांबला होता. ते भेटले नाहीत म्हणून तो बारकडे वळला. पंतप्रधानांना पोलिसांचा पहारा असतो, बारसमोर बसलेल्यांना नसतो. बारचा पत्ता मात्र सगळ्यांना ठाऊक असतो. नव्याने शहरात आलेल्या, घरी काही न बोललेल्या विशीतल्या मुलाला तो सापडावा, यासाठीच तर तो पत्ता असतो.

गे बार म्हणजे नाचगाणं आणि दारू, असं बाहेरून वाटतं. ते खोटं नाही. पण ज्या देशात दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला कायद्यात नावच नाही, तिथे बारवर भलतीच कामं येऊन पडतात. कुणाला घरातून हाकललं तर आजची रात्र कुठे काढायची, कोणता डॉक्टर तोंड वाकडं न करता तपासतो, ऑफिसात सांगावं का, हे सगळं तिथल्या काउंटरवर विचारलं जातं. दुसऱ्या शहरांत या कामांना कार्यालयं असतात, हेल्पलाइन असते, नोंदणीची खिडकी असते. लहान राजधानीत ती सगळी दोन-चार टेबलांवर भागवावी लागतात. म्हणून अशा शहरातला एक बार बंद पडणं हे मोठ्या महानगरातला एक बंद पडण्यासारखं नसतं.

तेप्लारेन त्या रात्रीनंतर पुन्हा उघडलं नाही.

दोन दिवसांनी, 14 ऑक्टोबरला, हजारो लोक रस्त्यावर आले. राष्ट्राध्यक्ष झुझाना चापुतोव्हा स्वतः बोलल्या. या देशात तुम्हाला भीतीत जगावं लागतं याबद्दल त्यांनी समाजाच्या वतीने माफी मागितली. राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यावर इंद्रधनुषी झेंडा लागला. झामोत्स्का रस्त्यावर बारच्या दारापुढे फुलं आणि मेणबत्त्यांचे लाल-पांढरे डबे यांचा ढीग वाढत गेला. स्लोव्हाकियात असे झाकणाचे मेणबत्तीचे डबे दर नोव्हेंबरला कबरींवर ठेवतात, वाऱ्याने विझत नाहीत. शहराला दुःख व्यक्त करायचं होतं आणि त्यासाठी त्याच्याकडे हीच घरची वस्तू होती. चर्चमधूनही शोकाचे शब्द आले. एका वरिष्ठ धर्मगुरूने मात्र जाहीर पत्रात मेलेल्यांच्या निष्पापपणाबद्दलच शंका काढली, आणि गदारोळ झाल्यावर माफी मागितली.

इथपर्यंतची गोष्ट जगभर दाखवली गेली. प्रकरण म्हणून ती इथून पुढे सुरू होते.

त्या वेळी संसदेत एक विधेयक आधीपासून पडून होतं. उदारमतवादी ‘सास’ पक्षाच्या खासदारांनी आणलेलं, समलिंगी जोडप्यांना नोंदणीकृत भागीदारी देणारं. लग्न नव्हे, दत्तकाचा हक्कही नव्हे, त्याच्या खूप अलीकडची पायरी. हल्ल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, दारापुढच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या, आणि 18 ऑक्टोबरला वर टेकडीवर ते विधेयक फेटाळलं गेलं. आदल्या दिवसांत श्रद्धांजली वाहणाऱ्यांतले कितीतरी जण त्या सभागृहात होते. युरोपीय संसदेने मात्र त्याच आठवड्यात, 20 ऑक्टोबरला, ब्रातिस्लावाच्या हत्यांचा उल्लेख करून समलिंगीद्वेषाविरुद्ध ठराव केला. स्ट्रासबुर्गमध्ये ठराव झाला आणि ब्रातिस्लावात कायदा पडला.

नंतर सरकारने मधला मार्ग म्हणून एक कल्पना पुढे आणली. ‘दुओव्हेर्निक’, म्हणजे भरवशाची व्यक्ती. कोणत्याही दोन सज्ञान माणसांनी एकमेकांना भरवशाची व्यक्ती नेमायचं, मग दवाखान्यात माहिती मिळणं वगैरे थोडं सोपं होईल. प्रेम, जोडीदार, कुटुंब हे शब्द कुठेही येऊ नयेत याची त्यात काटेकोर काळजी घेतलेली. तोंडाला पानं पुसण्याचा हा प्रकार, पण तोही कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचला नाही. डिसेंबर 2022 मध्ये हेगर सरकारच अविश्वास ठरावात पडलं.

इथे थोडं मागे जायला हवं, नाहीतर स्लोव्हाकिया जन्मतःच असा होता असं वाटेल. चेकोस्लोव्हाकियाने प्रौढांमधले समलिंगी संबंध 1961 च्या दंडसंहितेत गुन्ह्यातून वगळले. ब्रिटनच्या आधी. 1 जानेवारी 1993 ला देश दोन झाले. पुढे चेकियाने 2006 मध्ये नोंदणीकृत भागीदारी दिली आणि 1 जानेवारी 2025 पासून ती लग्नाच्या बरीच जवळ नेली. स्लोव्हाकियाने 2014 मध्ये राज्यघटनेत लिहून टाकलं की विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच मीलन. तो प्रस्ताव ख्रिश्चन डेमोक्रॅट्सबरोबर हातमिळवणी करून पार पाडला तो स्वतःला डावा म्हणवणाऱ्या स्मेर पक्षाने, रॉबर्ट फिको पंतप्रधान असताना. 2015 मध्ये पुराणमतवादी गटांनी याच विषयावर सार्वमत घडवून आणलं तेव्हा मतदान झालं जेमतेम 21 टक्के, आणि ते निष्फळ ठरलं. म्हणजे सामान्य मतदाराला हा प्रश्न शनिवारची झोप मोडण्याएवढा मोठा वाटत नव्हता. तो मोठा केला तो राजकारणाने, गरज पडेल तेव्हा आणि गरज पडेल तेवढा. ब्रातिस्लावाच्या पहिल्या प्राइड मोर्चावर 2010 मध्ये नवनाझी चालून आले होते आणि मार्ग बदलावा लागला होता. तेव्हापासून मोर्चे वाढत गेले, आणि दुसऱ्या बाजूने भाषणंही.

हल्ल्यानंतर एक प्रश्न सर्वांत जास्त चघळला गेला: नेत्यांच्या द्वेषाच्या भाषेने गोळी झाडली का? चापुतोव्हांनी शब्द जपून वापरा असं आधीपासून बजावलं होतं, त्यांचा मुद्दा योग्यच होता. पण मला स्वतःला हा प्रश्न फार उपयोगाचा वाटत नाही. त्या मुलाचं डोकं संसदेतल्या भाषणांनी कमी आणि टेलिग्रामवरच्या इंग्रजी गटांनी जास्त भरलं होतं. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये ‘टेररग्राम’ या टेलिग्रामवरच्या गोऱ्या वर्चस्ववादी गटांच्या जाळ्याला दहशतवादी ठरवलं, तेव्हा त्यामागच्या कारणांत ब्रातिस्लावाच्या बारबाहेरचा हल्ला नोंदवला आहे. ब्रिटनने त्याआधीच, एप्रिल 2024 मध्ये, त्यावर बंदी घातली होती. म्हणजे हत्यारा स्थानिक, पिस्तूल घरचं, पण प्रशिक्षण आंतरराष्ट्रीय. स्थानिक नेत्यांवर ट्रिगरचा आरोप ठेवला की ते सहज हात झटकतात, आणि ते झटकणं थोडंफार खरंही असतं. त्यांना विचारायचं ते वेगळंच: त्यानंतर तुम्ही काय केलंत?

हे तपासायला तारखा पुरतात.

हल्ल्याचा तपास विशेष सरकारी वकिलांच्या कार्यालयाकडे गेला आणि गुन्हा दहशतवादी हल्ला म्हणून नोंदला गेला. ही साधी कागदी बाब नाही. ‘भांडणातून खून’, ‘माथेफिरूचं कृत्य’ अशा वर्गवारीत अशी प्रकरणं जिरवणं सोपं असतं. दहशतवाद म्हटलं की राज्याला मान्य करावं लागतं की हल्ला दोन माणसांवर नव्हता, एका समूहावर आणि त्यामार्गे राज्यावरच होता. सप्टेंबर 2023 च्या निवडणुकीनंतर फिको पुन्हा सत्तेत आले, आणि मार्च 2024 मध्ये हे विशेष कार्यालयच गुंडाळण्यात आलं. कारणं अर्थातच दुसरी होती. ते कार्यालय भ्रष्टाचाराचे मोठे खटले चालवत होतं आणि स्मेरच्या लोकांच्या डोळ्यांत सलत होतं. झामोत्स्काच्या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण ज्या संस्थेने त्या प्रकरणाला नाव दिलं तीही त्या झाडूत गेली.

संस्कृती खातं राष्ट्रवादी एसएनएस पक्षाच्या कोट्यातून मार्टिना शिम्कोविचोव्हा यांच्याकडे गेलं. एलजीबीटी संस्थांना आपल्या मंत्रालयाकडून यापुढे एक पैसाही मिळणार नाही, असं त्यांनी 2024 च्या सुरुवातीलाच जाहीर केलं. रात्रीच्या जगाला याचा फटका वाटतो त्यापेक्षा जास्त बसतो. बार स्वतःच्या गल्ल्यावर चालतो, पण भोवतालचे चित्रपट महोत्सव, नाट्यप्रयोग, समुपदेशन छोट्या अनुदानांवर उभं असतं. ते आटलं की सगळा भार पुन्हा बारच्या काउंटरवर.

मग 15 मे 2024. हँडलोवा या गावी एका 71 वर्षांच्या माणसाने फिकोंवर जवळून गोळ्या झाडल्या. ते गंभीर जखमी झाले, वाचले. हल्ला भयंकरच होता आणि त्याचा निषेध सर्वांनी केला. आता पुढची तारीख पाहा. 27 जूनला, म्हणजे सहा आठवड्यांत, संसदेने राजकारण्यांच्या सुरक्षेचा कायदा मंजूर केला. लोक त्याला ‘लेक्स अतेंतात’ म्हणतात, हत्येच्या प्रयत्नाचा कायदा. त्यात घटनात्मक पदांवरच्या लोकांना वाढीव संरक्षण, निदर्शनांवर नवी बंधनं, आणि दीर्घकाळ राहिलेल्या पंतप्रधानाला आयुष्यभराचं वेतनही.

दोन्ही हल्ल्यांना एका तराजूत घालणं मला मान्य नाही. पण 2022 च्या मारेकऱ्याच्या यादीत पंतप्रधान आणि बार शेजारी शेजारी होते, ही जोडणी त्यानेच केली होती. राज्ययंत्रणा मनात आणलं तर गोळीनंतर सहा आठवड्यांत कायदा करू शकते, एवढं तरी या दुसऱ्या तारखेने सिद्ध झालं. पहिल्या गोळीनंतर वेळ कमी पडला, खासदार कमी पडले, एकमत कमी पडलं, अशी जी कारणं सांगितली गेली ती त्यानंतर जरा पातळ वाटू लागतात.

तुलनेसाठी दुसरी एक राजधानी घेऊ. ब्रातिस्लावाच्या साडेतीन महिने आधी, 25 जून 2022 च्या पहाटे, ओस्लोतल्या ‘लंडन पब’ या जुन्या गे बारबाहेर गोळीबार झाला. तिथेही दोघं गेले, त्या दिवशीचा प्राइड मोर्चा रद्द झाला. तिथेही फुलांचा ढीग, तिथेही पंतप्रधान आले. पण त्यानंतर नॉर्वेत वाद पेटला तो गुप्तचर यंत्रणेला आधी इशारा मिळाला होता का, तो गांभीर्याने का घेतला नाही, यावर. 2023 मध्ये चौकशी समितीने हल्ला टाळता आला असता असा निष्कर्ष काढला आणि यंत्रणेला मान खाली घालावी लागली. 2024 मध्ये आरोपीला 30 वर्षांची शिक्षा झाली. हा वाद कडू होता, पण तो राज्य आपलं काम नीट करतं का, याचा होता. नॉर्वेत समलिंगी विवाह 2009 पासून आहे. मेलेले लोक ‘आपले’ होते का, हा प्रश्न तिथे कुणाला सुचण्याचं कारणच नव्हतं. ब्रातिस्लावात सुरक्षेची चर्चा सुरू होण्याआधीच गाडी त्या दुसऱ्या प्रश्नावर जाऊन अडकली. पोलिसांनी 65 पानांचा तो मजकूर वेळेत का पाहिला नाही, मारेकऱ्याने बारसमोर उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो ऑगस्टमध्येच समाजमाध्यमावर टाकला होता तो कुणाच्या नजरेला का आला नाही, घरातलं पिस्तूल त्याच्या हाती कसं लागलं, हे विचारायला हवं होतं. त्याऐवजी देशाने महिनोन् महिने चर्चा केली ती समलिंगींना कुटुंब म्हणावं की नाही याची. मेलेल्यांना त्या चर्चेत साक्षीला उभं केलं गेलं, दोन्ही बाजूंनी.

त्या चर्चेचा निकाल 26 सप्टेंबर 2025 ला लागला. संसदेने घटनादुरुस्ती केली. लिंग दोनच, पुरुष आणि स्त्री. दत्तक जवळपास फक्त विवाहित जोडप्यांना. सरोगसीवर बंदी. आणि सगळ्यांत दूरगामी कलम म्हणजे राष्ट्रीय ओळखीच्या, विशेषतः मूलभूत सांस्कृतिक-नैतिक प्रश्नांत देश आपलं सार्वभौमत्व राखतो. 150 जणांच्या सभागृहात घटना बदलायला 90 मतं लागतात. मिळाली बरोबर 90. ख्रिश्चन डेमोक्रॅट्स विरोधी बाकांवर असूनही सोबत आले, आणि विरोधकांतल्याच दोन-चार मतांनी काठावर पास झालं. फिकोंनी याला पुरोगामित्वाविरुद्धचा बांध म्हटलं. राष्ट्राध्यक्ष पेटर पेलेग्रिनी यांनी सही केली, 1 नोव्हेंबरपासून दुरुस्ती लागू झाली. युरोपीय समाजवादी पक्षांच्या संघटनेने त्याच ऑक्टोबरमध्ये स्मेरची हकालपट्टी केली. फिकोंना त्याचं दुःख झाल्याचं दिसलं नाही.

तीन वर्षांत एवढा प्रवास. यात कुणी कटकारस्थान केलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक पायरीला आपापलं तात्कालिक कारण होतं, कधी आघाडीचं गणित, कधी विरोधकांत फूट पाडायची सोय, कधी पैशाच्या प्रश्नांवरून लक्ष हटवायची गरज. घटनादुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा सरकार करवाढ आणि खर्चकपातीवरून अडचणीत होतं. समलिंगी लोक या राजकारणाचं लक्ष्य असण्यापेक्षा त्याचं सुटं नाणं झाले आहेत. कुठलाही सौदा अडला की ते पुढे केले जातात. द्वेषाला निदान एक चेहरा असतो, त्याच्याशी भांडता येतं. हिशेबाशी भांडणं जास्त अवघड.

रात्रीच्या जीवनाचं काय झालं? शहर थांबलं नाही. महापौर मातुश वाल्लो यांचं शहर प्रशासन प्राइडच्या बाजूने उभं राहत आलं आहे, मोर्चे निघतात, पार्ट्या होतात. पण ज्याला मोकळा श्वास हवा त्याच्यासाठी एक सोपा पर्याय कायम हाताशी असतो. ब्रातिस्लावाहून व्हिएन्ना रेल्वेने तासाभरावर. दोन राजधान्या इतक्या जवळ युरोपात क्वचितच. ऑस्ट्रियात 1 जानेवारी 2019 पासून समलिंगी विवाह आहे आणि व्हिएन्नात तर चौकातल्या सिग्नलच्या दिव्यांतही हात धरलेली समलिंगी जोडपी दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी तिकडे जाणाऱ्या गाडीत कोण कशासाठी बसलंय हे कुणी विचारत नाही.

आणि आता एक नवी गाठ बसली आहे. 25 नोव्हेंबर 2025 ला, स्लोव्हाक घटनादुरुस्ती लागू होऊन चार आठवडे होत असताना, लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. प्रकरण बर्लिनमध्ये लग्न केलेल्या दोन पोलिश पुरुषांचं होतं. न्यायालय म्हणालं, युरोपीय संघातल्या एका देशात राहून तिथे रीतसर लग्न केलेल्या जोडप्याचं लग्न दुसऱ्या सदस्य देशाने मान्य केलं पाहिजे. स्वतःच्या कायद्यात असं लग्न आणा, अशी सक्ती नाही. पण आलेलं लग्न नाकारता येणार नाही. सुट्टीत जाऊन बोहल्यावर चढून आलात तर नाही, तिकडे खरोखर घर मांडलं असेल तर.

ब्रातिस्लावापुरतं हे कागदी राहत नाही. शहरात घरं महाग झाल्यापासून कितीतरी स्लोव्हाक कुटुंबं सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियन गावांत राहायला गेली आहेत. हाइनबुर्ग, वोल्फस्टाल, किटझे. सकाळी गाडीने पंधरा-वीस मिनिटांत ऑफिसला, संध्याकाळी परत. अशा गावात राहणारं, ऑस्ट्रियात लग्न झालेलं समलिंगी जोडपं दररोज सकाळी नवरा-नवरा म्हणून घरातून निघतं आणि टोलनाकाही नसलेल्या सीमेवर, दोन शेतांच्या मधे, एकमेकांचं कुणीच उरत नाही. यातलं एखादं जोडपं कधीतरी ब्रातिस्लावाच्या नोंदणी कार्यालयात ऑस्ट्रियाचा दाखला घेऊन जाईल. खिडकीआडच्या बाईंपुढे दोन पुस्तकं असतील, एक 90 मतांचं आणि एक लक्झेंबर्गचं, आणि रांगेत मागे आणखी लोक उभे असतील.